बारा मात्रा

मिरजेबाहेरच्या माळावर विपर्यास-रुग्णालय होतं. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत डॉ. मैथिली आठल्ये एका पडद्यासमोर बसली होती. पडद्यावर चाळीस रेषा वेड्यावाकड्या उड्या मारत होत्या. एकेक रेषा म्हणजे खालच्या मजल्यावरचा एकेक रुग्ण. सातवी रेषा तिच्या वडिलांची, वासुदेवबुवा आठल्ये यांची.

विपर्यास-ज्वर शरीराला काही करत नसे. ताप चार दिवसांत उतरे, स्मरणही शाबूत राही. बिघडे ते एवढंच, की मेंदू ज्या गोष्टीला जी भावना आपणहून जोडतो, ती जोडणी उलटीपालटी होई. कुणाला दुधाच्या वासाने धडकी भरे, कुणाला बायकोचा चेहरा पाहून शिसारी येई. दोघांनी जाळ बघून आनंदाने हात पुढे केले होते. ते दोघे आता नव्हते.

बुवांचा आजार सगळ्यांच्या आधी मैथिलीला कळला, तोही कीर्तनात. आठव्या वर्षापासून ती त्यांच्या मागे झांज धरून उभी राहायची. नामगजर रंगात आला की तिचा हात अर्धी मात्रा आधी पडायचा. मोठी झाली, डॉक्टर झाली, तरी पडायचाच. बुवा गाता गाता डावीकडे मान वळवायचे आणि हसायचे. रागावले कधीच नाहीत. नेहमीच्या श्रोत्यांना ते ठाऊक होतं. ते त्या हसण्याची वाटच बघत असत. पण दोन वर्षांपूर्वी एका उत्सवात ती झांज वाजली आणि बुवा दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळत देवासमोरच खाली बसले. त्यानंतर कीर्तन झालं नाही.

"एकेकाची जोडणी दुरुस्त करायला गेलं तर एका माणसाला अकरा वर्षं लागतील," मैथिली म्हणाली. "आणि प्रत्येकाचा बिघाड वेगळा."

डॉ. जयदीप खरमाटे चहात खारी बुडवत होते. तरुणपणी त्यांनी पोटासाठी लोकांची संकेतस्थळं बांधली होती, मेंदूकडे नंतर वळले.

"अगं, हे दुखणं मी आधी पाहिलंय," ते म्हणाले. "माणसांत नाही, ब्राउझरांत. आम्ही एकच पान बांधायचो. एका ब्राउझरात मथळा एवढा मोठा, दुसऱ्यात बोटभर लहान. यादीला एक जण डावीकडून जागा सोडणार, दुसरा वरून. कारण पानात जे लिहिलेलं नसतं, ते ब्राउझर आपल्या मनाने ठरवतो. प्रत्येकाचं मन वेगळं. एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसायचा."

"मग?"

"मग शहाणे झालो. पान कसं दिसावं ते सांगणारं आपलं शैलीपत्र असतं, त्याच्या आधी दुसरं एक पत्र लावायचं. त्याचं काम एकच, ब्राउझरने मनाने ठरवलेलं सगळं पुसायचं. समास शून्य, मथळा नाही की ठळक अक्षर नाही, सगळं सपाट. त्यावर आपण हवं ते लिहायचं. आता पान कुठेही उघडा, सारखंच."

मैथिलीने रेषांकडे पाहिलं. "मेंदूची स्वयंजोडणी शून्य करायची. आणि वर आपण लिहिलेले नियम. जाळाला भीती, दुधाला भूक."

"चाळिसांना एकच पत्र. आणि एक समत्वयंत्र, दिवसरात्र चाळिसांवर नजर ठेवणारं. एकाचा प्रतिसाद पत्राला सोडून गेला, की आजार परत डोकं काढतोय असं समजायचं आणि तेवढा भाग पुन्हा पत्राबरहुकूम करायचा."

"पुसलेलं परत आणता येईल?"

खरमाट्यांच्या हातून खारीचा तुकडा चहात पडला, तो त्यांनी काढला नाही. "जे कुठे लिहिलेलंच नव्हतं ते आणणार कुठून? एक सांगून ठेवतो. आमच्या त्या पहिल्या पत्राने एक बारीक चौकट पुसली गेली होती. जे माउस न वापरता कळफलकाच्या कळा दाबत पान वाचायचे, त्यांना आपण कुठे आहोत ते त्या चौकटीवरून कळायचं. आमच्या हातात माउस होता, आम्हाला ती कधी लागलीच नव्हती. वर्षभर अधू नजरेचे लोक, हात थरथरणारे लोक आमच्या पानांवर चुकत राहिले. तेव्हा नियम लिहिताना काय हवं ते आठवू नकोस. काय आपोआप होत होतं ते आठव."

मैथिलीने चौदाशे अकरा नियम लिहिले. त्यात आग होती, उंची, विंचू, शिळं अन्न, लहान मुलाचं रडणं. बुवांसाठी म्हणून तिने टाळ-मृदंगाचा, धुपाचा, नामाचा नियम घातला. कीर्तनात कुठे हसायचं आणि कुठे गहिवरायचं हेही मात्रेसह, म्हणजे किती जोराने ते मोजून, लिहिलं. नियम सर्वांनाच लागू होणार होते. पण नामाने कुणाचं वाईट होत नाही, असं तिला वाटलं.

सगळं पुसणारं शून्यपत्र आणि त्यावरचे नियम एका सोमवारी सकाळी लागू झाले. जाळीच्या टोप्या चाळीस डोक्यांवर बसल्या, आणि पडद्यावरच्या चाळीस रेषा एकावर एक येऊन एकच रेषा झाली. खालच्या मजल्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी ओरडत नव्हतं. परिचारिका रडल्या. खरमाट्यांनीही चष्मा पुसला.

तिसऱ्या दिवशी बुवांनी स्वतःच उपरणं मागितलं.

दिवाणखान्यात सायंकाळी पाचला कीर्तन ठेवलं. एकोणचाळीस श्रोते खुर्च्यांवर बसले, बुवा चिपळ्या घेऊन उभे राहिले. आवाज तसाच होता, आजारापूर्वीचा, कसदार. पूर्वरंगात शब्द अडखळला नाही. आख्यानात हशाची जागा आली तेव्हा सगळे हसले, एकाच उंचीचं हसू, आणि एकदमच थांबले. नामगजर चढला. पाच वाजून बारा मिनिटांनी मैथिलीची झांज अर्धी मात्रा आधी पडली. तिने मुद्दाम पाडली नव्हती.

बुवांची मान हलली नाही.

कीर्तन संपल्यावर आठव्या खाटेवरच्या हौसाबाई चौगुले तिच्याजवळ आल्या. आजाराआधी त्या गावात रडक्या म्हणून प्रसिद्ध होत्या. कथेत सीता नुसती रथात बसली तरी यांचा पदर भिजायचा.

"बुवांची कथा झ्याक झाली बाई," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांगा. रडायची जागा आली की कळतंय, ही जागा आली म्हणून. डोळ्याला पाणीबी येतंय, मोजून दोन थेंब. पण रडतंय कोण त्येच कळंना."

"त्रास होतो का, मावशी?"

"त्रास कसला? त्रासाचा नियम घातलाय का तुम्ही?" हौसाबाईंनी विचारलं. खरोखरच विचारलं, टोमणा नव्हता.

मैथिली वडिलांजवळ जाऊन बसली. "अण्णा, माझा हात आज चुकला."

"चुकला. अर्धी मात्रा," बुवा म्हणाले.

"तुम्ही बघितलं नाहीत."

"बघण्यासारखं काही वाटलं नाही, मैथू." मैथू हा शब्दही आला, जागच्या जागी. "तू माझी मुलगी. तुझी आई रमा गेल्यावर मी तुला वाढवलं, तापात तुझ्या उशाशी बसलो. सगळं पाठ आहे मला."

"पाठ?"

"आख्यान पाठ असतं तसं. पूर्वी मी लोकांना सांगायचो, देव एकच असतो पण ज्याला त्याला आपापल्या डोळ्यांनी दिसतो, सगळ्यांना सारखा दिसला असता तर तो देव नसता, पाटी असती. आता तेच सांगताना माझ्या लक्षात आलं, मला पाटी दिसतेय." ते शांत होते. "समत्व म्हणता ना तुम्ही या यंत्राला? संतांना ते आयुष्य घालून कमवावं लागलं. आम्हाला टोपीत मिळालं."

मैथिलीला तेव्हा ती पुसलेली चौकट आठवली. चौदाशे अकरा नियमांत तिने स्वतःला कुठेच लिहिलं नव्हतं. बाप मुलीकडे वळून हसतो, हे कुणाला लिहावं लागतं का? ते आपोआप होत होतं.

त्यानंतर ती रोज पाचला झांज घेऊन उभी राहिली. वीस दिवस. रोज पाच बाराला अर्धी मात्रा आधी ठोका द्यायची, आता मुद्दाम. मान वळली नाही.

एकविसाव्या दिवशी तिने खरमाट्यांकडे एक नियम मागितला.

"फक्त बुवांसाठी नाही देता येणार," ते म्हणाले. "एकाला वेगळं पत्र दिलं की समत्वयंत्राला आजार कोणता आणि माणूस कोणता ते ओळखता येणार नाही. द्यायचा तर चाळिसांना."

"चाळिसांना द्या. त्यात कुणाला इजा नाही."

"किती मात्रा?"

हे मात्र तिला माहीत नव्हतं. वडील आपल्याला पाहून किती हसायचे हे कोण मोजून ठेवतं? एका उत्सवाचं जुनं चित्रण काढून तिने मानेचा कोन मोजला: डावीकडे पस्तीस अंश. हसण्याला तिने बारा मात्रा लिहिल्या. लिहिताना जरा जास्तच होतात की काय, असं वाटून ती संकोचली होती.

दुसऱ्या दिवशी पाच बाराला झांज पडली आणि बुवांची मान वळली. डोळे तिच्यावर आले, ओठ उघडले. 

मग तिने समोर पाहिलं. एकोणचाळीस माना डावीकडे वळल्या होत्या, पस्तीस अंशात. त्यांच्या डावीकडे भिंत होती, भिंतीवर अग्निशामक नळकांडं टांगलेलं होतं. एकोणचाळीस माणसं त्या नळकांड्याकडे बघून हसत होती. मायेने. हौसाबाईसुद्धा. ते हसू आणि बुवांचं हसू यांत तिला फरक दिसला नाही. मग सगळ्या माना एकदम सरळ झाल्या आणि बुवांनी पुढची ओवी घेतली.

नवा नियम लागल्यावर विचलनाच्या नोंदी तपासायच्या, ही पद्धत होती. मैथिली वर आली आणि तिने त्या उघडल्या. आजवर तिला त्या बघायचं कारण पडलं नव्हतं; यंत्र आपलं काम करत होतं.

'नववा दिवस. सायंकाळी ५:१२. खाट सात. झांजेच्या ठोक्यानंतर मानेकडे निघालेला नियमबाह्य संकेत, दोन मात्रा. स्नायूपर्यंत पोचण्याआधी शून्य केला.'

दहावा दिवस: तीन मात्रा. शून्य केला. चौदावा: नऊ. शून्य केला. रोज पाच बाराला, एक दिवसही न चुकता. विसावा दिवस: एकोणीस.

आणि सर्वांत खाली आजची नोंद. 'खाट सात. संकेत तेवीस मात्रा. नियमापेक्षा अधिक. बारावर आणला.'

तिने खरमाट्यांना बोलावलं. त्यांनी नोंदी दोनदा वाचल्या.

"सर, ते वळत होते. रोज. जे पुसलं ते आपणहून परत उगवत होतं. सातव्या खाटेचं यंत्र बंद करा."

"मैथिली, ज्वरही असाच उगवतो. दोनाचे तीन, तिनाचे नऊ. त्या दोघांच्या जाळाच्या नोंदी काढून बघ, हाच चढ आहे. तेवीस हा नुसता आकडा आहे. माया आहे की ज्वर, ते त्यात लिहिलेलं नसतं."

"मी ओळखते माझ्या बापाला."

"यंत्र बंद केलं आणि झांज ऐकून त्यांनी पुन्हा कान दाबले तर? त्या वेळी तीन दिवस रक्त येत होतं कानांतून. एकदा उतरवलेलं पत्र पुन्हा लावणं त्यांच्या मेंदूला झेपणार नाही, हे तूच लिहिलंयस अहवालात."

ते खरं होतं. तिनेच लिहिलं होतं.

ती खाली गेली. बुवा खाटेवर बसून चिपळ्यांचे घुंगरू पुसत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "अण्णा, तुम्हीच सांगा. त्या क्षणी काय होतं तुम्हाला?"

बुवांनी नीट विचार केला. कीर्तनात कुणी शंका विचारली की करत, तसा.

"मला काही होत नाही, बाळ. म्हणून मी सांगू शकत नाही. ज्याला होतं, त्याला विचारायला हवं. तो पाच बाराला येतो म्हणतेस. पण तो तोंड उघडायच्या आत तुम्ही त्याला पुसता."

"मग मी काय करू?"

"त्याची काळजी वाटायचा नियम माझ्याकडे नाही," बुवा म्हणाले, आणि पुढचा घुंगरू पुसायला घेतला.

मैथिलीने रात्रीपर्यंत काही ठरवलं नाही. ठरवायची गरजही उरली नाही. एखाद्या खाटेचा संकेत वीस मात्रांपलीकडे गेला, की समत्वयंत्र त्या खाटेचं संपूर्ण शून्यीकरण दिवसातून एकदाऐवजी दर घटकेला करू लागे, म्हणजे नवं काही उगवायला वेळच उरत नसे. तो नियम शून्यपत्रासोबतच लागू झाला होता. त्याच्याखाली दोघांच्या सह्या होत्या, खरमाट्यांची आणि तिची.

दुसऱ्या दिवशी पाच बाराला तिने अर्धी मात्रा आधी झांज दिली. चाळीस माना वळल्या. बुवा हसले, नळकांड्याकडे पाहून एकोणचाळीस जण हसले. ती वर गेली आणि तिने नोंदी उघडल्या. सातव्या खाटेची ओळ कोरी होती.

तिसऱ्या दिवशीही कोरी. सगळं जुळत होतं.

बुवांचं कीर्तन आता रोज होतं. मैथिली मागे झांज धरून उभी असते. हात कधी अर्धी मात्रा आधी पडत नाही, कारण ती आता तो पडू देत नाही.