रबराचा चुरा

ही घटना खरी आहे. शकुंतला अजून हयात आहे, विचारलंत तर एवढंच सांगेल. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. सकाळी सव्वाआठची, लख्ख उन्हातली.

रहिमतपूर, डिसेंबर १९७४.

तिचे वडील विष्णुपंत हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शाळेच्या दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडायचा, त्यावरचे डाग पेन्सिलीने उतरवायचे, खाली पेन्सिलीनेच सही. सहा वर्षं, रोज. ढग असले तर ‘ढग’ लिहायचं, पण पान कोरं सोडायचं नाही.

या नोंदींवर शोधनिबंध लिहिणाऱ्या पुण्याच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं होतं : ‘३१ डिसेंबरपर्यंत खंड पडू देऊ नका. निबंधावर माझ्याशेजारी तुमचं नाव छापतो.’

दोन डिसेंबरला संध्याकाळी विष्णुपंत गेले.

सहा तारखेला शकुंतला प्रयोगशाळेची किल्ली परत द्यायला गेली. शिपाई नाथाजी दाराबाहेरच उभा होता.

“ताई, आत कोण हाय?”

“किल्ली माझ्याकडे आहे, नाथाजी. कोण असणार?”

“आवं, चार दिस ऐकतोय. मास्तरांच्या येळंलाच…”

तिनेही ऐकलं.

खर्र… खर्र… आणि पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज.

तिने कुलूप काढलं. खोलीत कोणी नव्हतं.

टेबलावर वही उघडी होती. तीन, चार, पाच, सहा डिसेंबर. चार पानं भरलेली.

कागदावर सूर्य उलटा पडतो. त्यामुळे विष्णुपंत ‘पूर्व’ हमखास चुकीच्या बाजूला लिहीत, मग खोडत. यावरून ती त्यांना लहानपणापासून चिडवायची.

चारही पानांवर ‘पूर्व’ खोडलेलं होतं.

खाली सही.

“किल्ली जमा करू नगा, ताई,” नाथाजी हळूच म्हणाला. “महिना भरू द्या त्यांचा.”

ती रोज यायची, पान बघायची, कुलूप लावून जायची. एकतीस तारखेचंही पान भरलं.

एक जानेवारीला… काहीच आवाज आला नाही.

तिने सगळ्या पानांच्या नकला पुण्याला धाडल्या. वडील गेल्याचं मात्र कळवलं नाही. नाव छापून यावं, एवढंच तिला हवं होतं.

सत्याहत्तर साली निबंध आला. आकडे त्याच पानांवरचे. नाव एकट्या प्राध्यापकांचं. शेवटी बारीक टाइपात : ‘एका स्थानिक शिक्षकाचे साहाय्य झाले.’

तो घेऊन ती प्रयोगशाळेत गेली आणि रिकाम्या खोलीत ती ओळ मोठ्याने वाचली. राग प्राध्यापकांवर होता. ऐकवलं मात्र वडिलांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी धापा टाकत घरी आला.

“ताई, परत आवाज येतोय. पर ह्यो पेन्सिलीचा न्हाई…”

तिने दार उघडलं.

सहा वर्षांच्या वह्या टेबलावर उघड्या पडल्या होत्या. डाग जिथल्या तिथे. तारखा जिथल्या तिथे. खोडलेलं ‘पूर्व’सुद्धा.

फक्त सह्या गेल्या होत्या. तिथला कागद घासून झिरझिरीत झाला होता. जमिनीवर रबराचा चुरा.

शेवटच्या पानावर मात्र एक सही उरली होती. ती बघत असतानाच…

खस्स… खस्स…

आडनाव गेलं.

“बाबा, एक तरी राहू द्या.”

आवाज थांबला.

‘विष्णु’ एवढंच शिल्लक आहे. ती वही आज शकुंतलाच्या कपाटात असते.

तिचं वाचन दांडगं. पण त्या दिवसापासून तिने कोणालाही, काहीही, मोठ्याने वाचून दाखवलेलं नाही.