तीनशे लिटर समुद्र

बाटलीवर निळ्या शाईनं लिहिलं होतं – समुद्र.

अक्मारलनं ती उजेडाकडे धरली, हलवली, अक्षरं पुन्हा वाचली. मग काउंटरच्या खिडकीतून पलीकडे पाहिलं. एक उंच तरुण उभा होता. केसांतलं पावसाचं पाणी नाकावरून ओघळत होतं, आणि चेहरा असा, जणू घरात कुणीतरी आजारी आहे.

"हा कुठला समुद्र?"

"आठव्या वसाहतीतला," तो म्हणाला. "चौथा मजला."

आता किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत माणसं विहिरीचं पाणी आणतात, नळाचं आणतात, कालव्याचंही आणतात. समुद्र कुणी आणला नव्हता. आणणार कुठून? कुठल्याही बाजूला चालत सुटलात तर महिनोन् महिने डोंगर नाहीतर वाळवंटच.

"इस्सिक-कुलचं आहे का?"

"ते नुसतं मचूळ हो! सगळे मला हेच सांगतात – मीठ कशाला विकत घेतोस, सरोवरातून दोन कॅन भरून आण." तो वैतागून हसला. "घरी काचेची टाकी आहे. तीनशे लिटर. त्यात मीठ कालवून समुद्र केलाय. मासे आहेत, प्रवाळ आहे... आणि आता शेवाळ आहे. केसांसारखं, हिरवंगार. टूथब्रशनं घासून काढतो, आठ दिवसांत पुन्हा हजर. ते खायला गोगलगाई आणल्या, तर त्यांच्याच पाठीवर उगवलं."

अक्मारलला हसू आवरेना. मागच्या टेबलावर गालिना पेत्रोवना – तिची साठीची वरिष्ठ – चष्म्यावरून बघायला लागली.

"नाव?"

"माशांचं?"

"तुमचं!"

"एर्मेक," तो म्हणाला, आणि कान लाल झाले त्याचे.

रिपोर्ट आला. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. म्हणजे शेवाळाचं जे काही खाद्य असतं, त्यातलं काहीच पाण्यात नाही.

"माझ्याकडच्या तपासणीतही हेच येतं," एर्मेक हताश होऊन म्हणाला. "मग ते खातंय तरी काय?"

बस्स! हा प्रश्न अक्मारलच्या डोक्यात जो शिरला, तो निघेना. पोरगीच तशी होती. एखादी गोष्ट का होते हे कळेपर्यंत तिला चैन पडायचं नाही, आणि कळलं की तोंड बंद राहायचं नाही. याच पायी गेल्या वर्षी एक चांगलं स्थळ हातचं गेलं होतं. मुलाच्या मावशीनं कौतुकानं डोंगरातला मध आणला, आणि या बाईसाहेबांनी भर पंगतीत सांगितलं, "यात साखरेचा पाक आहे." आई अजून कपाळाला हात लावते. "अगं, निदान चव तरी मनातल्या मनात घेत जा!"

एर्मेक दर मंगळवारी यायला लागला. दुसरी बाटली, तिसरी, चौथी... दर वेळी शून्य. दर वेळी पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जायचं.

"आजचा समुद्र कसा आहे?" ती विचारायची.

"शांत. पण मालक खवळलाय."

"मालकाची तपासणी आम्ही करत नाही."

"का बरं? तुम्ही नीट बघितलंत तर... सापडेल काहीतरी."

गालिना पेत्रोवनानं खुर्ची मुद्दाम करकरवली. अक्मारलनं घाईनं वहीत मान घातली आणि तारीखच चुकवली.

पाचव्या मंगळवारी मात्र ती त्याची वाटच बघत होती. दार उघडताच म्हणाली, "शून्य येतंय, कारण शेवाळ आधीच सगळं फस्त करतंय! ताट लख्ख दिसलं म्हणजे कुणी वाढलंच नाही असं थोडंच आहे? कुणीतरी वाढतंय."

"मी तर दिवसाआड चिमूटभर खाणं टाकतो."

"रोज पाणी किती आटतं?"

"फारसं नाही. आठवड्याला दोन-तीन लिटर घालतो, मशीनमधून गाळलेलं."

अक्मारलचं पेन थांबलं. "उघडी टाकी, वर एवढे दिवे, आपली ही कोरडी हवा... अहो, रोजचंच दोन लिटर जायला हवं!"

"मग?"

"मग बाकीचं भरतंय कोण?"

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. आधी प्रश्न होता म्हणून... आणि मग नुसतेच.

"रविवारी घरी या," एर्मेक म्हणाला. "म्हणजे... टाकी बघायला."

अक्मारल टाकीच्या काचेला नाक लावूनच उभी राहिली. निळ्या उजेडात नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे, काहीतरी मऊ मऊ हलणारं, आणि मधोमध तळहाताएवढं जांभळं प्रवाळ. पण त्याच्या अर्ध्या अंगावर हिरवी लव चढली होती.

"नखाएवढं होतं हे," एर्मेक हळूच म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी अल्माटीहून थर्मासमध्ये घालून आणलं. अख्खी बस झोपली, मी थर्मास मांडीवर धरून बसलो. आता अर्धंच उरलंय. हेही गेलं तर टाकी मोडून टाकणार... बघवत नाही मला."

त्याचा आवाज असा झाला, की अक्मारलला त्याचा हात धरावासा वाटला. तिनं काचेवर बोट टेकवलं. त्यानंही टेकवलं, तिच्या बोटाच्या अगदी जवळ. मासे दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची आई ओरडली, "एर्मेक! पाहुणी आली आणि घरात ताजी रोटी नाही. पळ खाली!"

तो गेला. बुरुल अपा – एर्मेकची आई, सगळे तिला अपाच म्हणत – बाहेर आली ती हातात तांब्याएवढा मग घेऊन. टाचा उंचावून तिनं तो टाकीत रिकामा केला. "प्या रे बाळांनो."

"अपा... हे काय घातलंत?"

"झऱ्याचं पाणी! एवढ्या लांबून आलेले जीव, आणि हा त्यांना मशीनमधलं मेलेलं पाणी पाजतो. माझ्या घरात आलेल्याला मी असलं पाणी देईन?" अपानं ओट्याखालचा निळा कॅन दाखवला. "याच्या बापाच्या गावचा झरा. दगड त्यांनी स्वतःच्या हातांनी रचलेत. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर शनिवारी मी दोन कॅन आणते. मी दुसरं पाणी पीतच नाही."

"एर्मेकना माहीत आहे? टाकीचं?"

"त्याला कशाला सांगू? त्याच्या मशीनचा अपमान होईल."

अक्मारलनं पेलाभर पाणी मागितलं. थंड, गोड पाणी. "थोडं बाटलीत द्याल?" हे विचारताना तिला चोरासारखं वाटलं. अपा मात्र फुलून गेली. मोठी बाटली काठोकाठ भरून दिली, आणि वर बोर्सोकची, म्हणजे खमंग तळलेल्या छोट्या पुऱ्यांची, पुरचुंडी बांधून दिली, अजून गरम.

सोमवारी सकाळी आकडा समोर होता. नायट्रेट पंच्याण्णव. पन्नासच्या वर गेलं की इथं लाल शिक्का बसतो – पिऊ नये.

"मार की शिक्का," गालिना पेत्रोवना म्हणाली.

"त्याच्या आईचं पाणी आहे हो..."

"मग तर आधी मार. बाई रोज पितेय ते."

नुसतं एवढं म्हटलं असतं, "अपा, माशांना हे मानवत नाही," तर शेवाळ गेलं असतं, प्रवाळ वाचलं असतं, अपा हसली असती. आणि मंगळवार... मंगळवार तसेच राहिले असते. मधाच्या वेळी तिला काडीचं वाईट वाटलं नव्हतं. या वेळी मात्र खरं बोलून जे जाणार होतं, ते तिला हवं होतं. फार हवं होतं.

दुपारच्या सुट्टीत ती चार मजले चढून गेली. एर्मेक घरीच होता. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं.

अपाचा चेहरा दगडासारखा झाला. "माझ्या नवऱ्याच्या झऱ्यात घाण आहे म्हणतेस?"

"झऱ्यात नाही अपा, पाण्यात उतरलीय कुठूनतरी. वरच्या अंगाला कुणी जनावरं ठेवलीत का?" अक्मारलनं कागद तिच्यापुढे सरकवला. "मासे राहू देत हो. तुम्ही पिऊ नका. मला... तुमची काळजी वाटते."

अपानं कॅन उचलला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

एर्मेक जिन्यापर्यंत आला. कागदाकडे बघत म्हणाला, "तू... तू जा आत्ता."

पहिल्यांदा तू म्हणाला, आणि तेही जा म्हणायला. अक्मारल खाली उतरली, प्रयोगशाळेच्या दारातल्या चिनारापाशी येऊन थांबली आणि चक्क रडली.

पुढचा मंगळवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या मंगळवारी गालिना पेत्रोवनानं काही न विचारता चहात दोन चमचे रासबेरीचा मुरंबा जास्त घातला.

चौथ्या मंगळवारी खिडकीत एक फुलाफुलांचा रुमाल दिसला. खाली बुरुल अपाचा चेहरा, हातात बाटली.

"दिरानं झऱ्याच्या वर मेंढवाडा बांधलाय," तिनं नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "दोनशे मेंढ्या! सगळा पाझर खाली. असा फैलावर घेतला त्याला... गाव गोळा झालं. वाडा गेला ओढ्यापलीकडे. आता तपास."

"लगेच नाही उतरणार अपा. जमिनीत मुरलंय ते निघायला वेळ लागेल. दर महिन्याला बाटली आणावी लागेल. आणि तोवर –"

"तोवर नळाचं पिते. त्याच्या मशीनचं." अपानं नाक मुरडलं. मग खिडकीवर वाकली. "तीन वर्षं सगळ्यांना पाजलं हे पाणी, मुली. सगळ्यांनी 'वा, वा' केलं. काय आहे ते सांगितलं फक्त तू." तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला रागही येत होता. "मी तुझ्यावर दार लावलं. ते चुकलं माझं."

"अपा..."

"शेवाळ गेलं. उपटलं ते पुन्हा उगवलंच नाही. जांभळ्याला नवं टोक फुटलंय, म्हणे. म्हणे, कारण तो माझ्याशी तेवढंच बोलतो. बाहेर उभा आहे तासभर. बाटली नाही म्हणून आत यायचं धाडस होत नाही. गाढव!"

अक्मारल पांढऱ्या कोटातच बाहेर धावली. चिनाराखाली एर्मेक. हात रिकामे, कुठे ठेवावेत ते न कळलेले.

"रागावला होतास ना?" ती म्हणाली.

"तुझ्यावर? छे!" त्यानं मान हलवली. "मला माझी लाज वाटत होती, अक्मारल. तीन वर्षं आई डोळ्यांसमोर ते पाणी पीत होती. आणि मी तपासायला आणत होतो... माशांचं."

ती त्याच्या जवळ गेली.

"आणि तुला जा म्हणालो."

"ते मात्र फार लागलं."

"तिसऱ्या बाटलीनंतर मी शेवाळासाठी येत नव्हतो," तो एका दमात म्हणाला. "शून्यच येणार हे मला माहीत होतं. शून्य सांगताना तू भुवई अशी वर करतेस... तेवढ्यासाठी येत होतो."

"हे सांगायला एवढे मंगळवार लागतात?"

एवढ्यात अपा मधे घुसली. रुमालाच्या गाठीतून तिनं चांदीचे डूल काढले, आणि कुणाला काही कळायच्या आत एक अक्मारलच्या उजव्या कानात घातलासुद्धा. मुलाच्या आईनं डूल घातले की सोयरीक ठरली, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"अपा!" एर्मेक ओरडला. "मी तिला अजून विचारलंही नाही!"

"मग विचार! दर महिन्याला मी त्या खिडकीत उभी राहू की काय? आणि लवकर, माझा हात दुखतोय." दुसरा डूल तिनं तसाच उंच धरून ठेवला होता.

प्रयोगशाळेच्या खिडकीत गालिना पेत्रोवना चष्मा पुसून उभी होती.

"अक्मारल... तू... म्हणजे मी..."

"पूर्ण वाक्य बोल," ती म्हणाली.

"राहशील माझ्याबरोबर? आयुष्यभर?"

अक्मारलनं डाव्या कानावरचे केस मागे सारले, आणि मान वळवून तो कान अपापुढे केला.