राहिलेला छ

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउससमोर रोशनी मोबाइल उंच धरून भिंतीवर रंगवलेल्या गलेलठ्ठ ‘द्राक्षे’ या शब्दाचा फोटो काढत होती. शिडीवरून आवाज आला, “अक्षराचा काढताय का माझा?”

“अक्षराचा. तुम्ही जरा बाजूला व्हा ना…”

“होतो की. पण रंग ओला हाय, अन् शिडी माझी हाय.”

तिला हसू आवरेना. तो सायखेड्याचा सुयश, पाट्या रंगवणारा. ती नाशिकची, कंप्यूटरवर फॉन्ट करणारी. पुढे दोघांनी मिळून पोस्टर-पाट्यांसाठी एक ठसठशीत फॉन्ट करायला घेतला. तो ब्रशने अक्षर काढायचा, ती ते स्क्रीनवर घडवायची. त्याच्या ‘ग’ला पोट सुटलंय म्हणून ती चिडवायची, तर तो म्हणायचा, “खात्यापित्या घरचा हाय तो!”

एका संध्याकाळी रंगाचे हात पुसता पुसता त्याने विचारलं, “माझ्याशी लग्न करशील?”

तिचं मन कधीच हो म्हणून बसलं होतं. पण बाईसाहेबांना सगळं कसं निगुतीनं हवं! “फॉन्ट पुरा झाला की सांगते,” ती लाजून म्हणाली.

बाकी अक्षरं भराभर झाली, ‘छ’ मात्र अडला. इतक्या जाड अक्षरात त्याचे वळसे एकमेकांत गुदमरत. ती काढायची, खोडायची… दिवाळी गेली, द्राक्षांचा हंगामही सरला. सुयशने पुन्हा विचारलं नाही. ही टाळतेय, असंच त्याला वाटलं.

मग एक दिवस तो आला आणि दारातच थांबला. “‘छ’ लागंल मला. लग्नाच्या कमानीवर आपल्याच अक्षरात नावं टाकावी म्हणतो.”

“कोणाची?”

“माझं… अन् छायाचं. घरच्यांनी जमवलंय.”

रोशनी कंप्यूटरपुढे बसली आणि तिने ‘छ’ काढला. एक वळसा जरा वाकडा गेला. या वेळी तिने खोडला नाही.

“झाला फॉन्ट पुरा,” ती म्हणाली.

“मग… काय सांगणार होतीस?”

“हो म्हणणार होते.”

“आधी का नाय बोललीस गं?”

“‘छ’ जमत नव्हता रे…”

त्याने स्क्रीनवरच्या ‘छ’वरून बोट फिरवलं. “लय देखणा झालाय,” एवढंच म्हणाला, आणि फॉन्टचा पेनड्राइव्ह खिशात टाकून निघून गेला.

दार लावून रोशनीने त्याच फॉन्टमध्ये टाइप केलं… सुयश. शेजारी, रोशनी. दोन्ही नावं झकास उमटली. त्यांना लागणारी अक्षरं केव्हाचीच तयार होती. मग मात्र तिला रडू आवरलं नाही.