चपखल

मावशीच्या कामाच्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नसायची, पण पाठीचे दोन-चार कणे मात्र सहज पडलेले असायचे. प्लास्टिकचे, पांढरे, माणसाच्या मापाचे. नवा माणूस दचकायचा. जुने लोक त्यांना टोप्या आणि छत्र्या अडकवायचे.

मणक्याच्या ऑपरेशनला लागणारं सामान बनवणारा तो छोटासा कारखाना. मावशीचं सगळं आयुष्य तिथे गेलं. ती लागली तेव्हा काम कागद-पेन्सिलीवर चालायचं; रबरानं खोडून खोडून कागदाला भोक पडायचं, आणि घरी गेल्यावरही बोटांना शिशाचा वास यायचा. मग कॉम्प्युटर आला. मग धातूची भुकटी थरावर थर वितळवून हवा तो आकार घडवणारं मशीन आलं. त्या मशीनसमोर उभं असताना तिच्या डोक्यात आलं, की ज्याचा मणका जन्मतःच बिघडलेला आहे त्याला त्याच्याच मापाचा नवा मणका का देऊ नये? स्पंजासारखा भोकाभोकांचा, म्हणजे हाड आपणहून त्यात शिरेल. सगळा कणा सळ्यांनी जखडून टाकण्यापेक्षा एक बिघडलेली वीट काढायची आणि नीट वीट बसवायची. या एका कल्पनेपायी तिनं केस पांढरे केले. लग्नबिग्न राहूनच गेलं. आणि अखेर परवानगी आली, तेव्हा पहिली पेशंट ठरली ती तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

तिला सगळे चिंगी म्हणत. अकरा वर्षांची, बडबडी, मावशीला "माऊ" म्हणणारी. पाठीतला एक मणका अर्धाच घडलेला, पाचरीसारखा, त्यामुळे वाढत्या वयाबरोबर ती उजवीकडे कलत चालली होती. त्या बाजूचा खांदा खाली, दप्तराचा पट्टा सारखा घसरलेला. भाऊजी दूरच्या नोकरीवर, म्हणून चिंगी तान्ही असताना तिला आंघोळ घालायला ताईच्या जोडीला मावशीच असायची. डाव्या कानाच्या पाळीखालचा बारीक तीळ तिला साबणाच्या फेसातूनही दिसायचा. टाळूमागचा केसांचा भोवराही तिच्या बोटांना पाठ होता. घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा.

ऑपरेशन करणारे डॉक्टर मावशीच्या जुन्या ओळखीचे. त्यांची एक सवय होती. बाकी सगळे डॉक्टर एक्स-रेचा फोटो समोरून बघतात, पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा असल्यासारखा. हे मात्र डावं उजवीकडे जाईल असा फोटो फिरवून पाठीमागून बघायचे. टेबलावर पालथा पडलेला माणूस त्यांना तसाच दिसणार म्हणून.

"आम्ही मणक्याचे लोक सगळं जग पाठीमागून बघतो, बाई," ते म्हणायचे. "तोंडं आमच्या लक्षातच राहत नाहीत."

त्यामुळे त्यांच्याकडून आलेलं काहीही मावशी आधी फिरवून सरळ करायची आणि मगच चित्र काढायला घ्यायची. विचार न करता. घरातून निघताना आपण कुलूप ओढून बघतो तसं.

चिंगीचा स्कॅन पाठवला तेव्हा डॉक्टरांचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मध्येच ते म्हणाले, "घरचं काम आहे तुमचं, म्हणून या वेळी मीच सरळ करून पाठवलंय हं." मावशी "बरं केलंत" म्हणाली. फोन ठेवला. आणि हातानं रोजच्यासारखं ते चित्र फिरवलं.

त्यानंतर चूक कळायला वावच नव्हता. त्याच चित्रावरून प्लास्टिकचा कणा निघाला, त्याच चित्रावरून टायटॅनियमचा मणका. एकमेकांत ते अगदी चपखल बसले. कारखान्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मणका निर्जंतुक होऊन, डब्यात बंद होऊन हॉस्पिटलला गेला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भरती व्हायला जाता जाता, ताई चिंगीला घेऊन कारखान्यात आली.

"माऊ, माझी पाठ बघू," चिंगी म्हणाली.

मावशीनं हसत हसत तो पांढरा कणा उचलला, तिला पाठमोरी केली आणि तो तिच्या पाठीशी धरला.

चिंगी उजवीकडे कलली होती. कणा डावीकडे.

"गुदगुल्या होतात गं," चिंगी म्हणाली.

मावशीनं कणा दुसऱ्या हातात घेऊन पाहिला. काही फरक पडला नाही. डाव्या हाताचा हातमोजा कसाही फिरवला तरी उजव्या हातात नीट जात नाही. तसाच तो मणका. वरची बाजू वेगळी, खालची वेगळी, पुढची वेगळी.

"काय गं, गप्प का झालीस?" ताईनं विचारलं. "आता तूच घाबरलीस तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"काही नाही. जा तुम्ही. उशीर होईल."

त्या गेल्यावर मावशी फोनपाशी बसून राहिली. सांगितलं तर ऑपरेशन पुढे ढकललं जाणार. परवानगी देणारे लोक पहिल्याच पेशंटला झालेली चूक बघणार, आणि मग कुणी तिला दुसरा मणका बनवू देणार नव्हतं. नाही सांगितलं तर काय होईल? डॉक्टर मणका हातात घेतील, बसत नाही म्हणून बाजूला ठेवतील आणि जुन्या पद्धतीनं सळ्या घालून मोकळे होतील. पाठ ताठर होईल, पण पोरीला धोका नाही. पहिलाच प्रयोग, मापात थोडं इकडचं तिकडं झालं म्हणायचं. असं तिनं स्वतःला समजावलं. फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून त्यांनी घाम पुसला.

"बाई, कमाल केलीत. चपखल! कानसही लावावी लागली नाही."

मावशी उठून उभी राहिली. "म्हणजे… बसला?"

"बसला म्हणजे? मी नुसता जवळ नेला आणि आत गेला. वाट बघत असल्यासारखा."

"डावी बाजू डावीकडेच आली ना?"

"आता डावी-उजवी काय घेऊन बसलात! पोरगी सरळ झालीय, सरळ." ते हसले. शेजारी ताई रडत होती. तिनं मावशीला मिठी मारली, आणि ती मिठी संपेपर्यंत मावशीनं श्वास घेतला नाही.

चिंगी शुद्धीवर आली. पाणी मागितलं. पेला डाव्या हातानं धरला. उजव्या हाताला सलाईन होतं, साहजिक होतं. नर्सनं ठोके ऐकायला छातीला नळी लावली, थोडी हलवली, मग पार उजवीकडे नेली आणि तिथे थांबली.

"हिचं हृदय उजवीकडे आहे, हे कुणी सांगितलं नाही आम्हाला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी जुना फोटो काढून पाहिला. हृदय उजवीकडेच दिसत होतं. "असतं एखाद्याचं जन्मापासून," ते म्हणाले, आणि मग जरा घुटमळून, "हा फोटो मी फिरवलेला की न फिरवलेला, देव जाणे. माझीच सवय मला नडते."

मावशी उशी नीट करण्याच्या निमित्तानं पुढे झाली. डाव्या कानाखाली काही नव्हतं. उजव्या कानाच्या पाळीखाली बारीक तीळ होता.

दमल्या डोळ्यांना काहीही दिसतं, असं म्हणून ती घरी गेली.

पण चिंगी घरी आली, हिंडू-फिरू लागली, आणि मावशीचे डोळे काही ताळ्यावर येईनात. एका सकाळी ताई तिची वेणी घालत होती. भांग पाडला की केस आपले पुन्हा दुसऱ्या बाजूला पडायचे.

"बघ की गं, एवढे वळणाचे केस होते," ताई म्हणाली. "भूल पोरीला दिली की केसांना, कोण जाणे!"

मावशीनं फणी घेतली. टाळूमागे बोट ठेवलं. भोवरा उलटा फिरत होता.

"ताई, हा असाच होता?"

"कसा?"

"असा. या बाजूनं."

ताईनं फणी परत घेतली. "पोरगी पळायला लागलीय आणि तू भोवरे कसले मोजतेस? खूश हो की जरा." तिचं म्हणणं बरोबर होतं. चिंगी खरंच पळत होती. जिने चढताना गात होती. डॉक्टर चार लोकांत मावशीचं नाव काढत होते, कारखान्यात पेढे वाटले गेले होते, आणि दुसऱ्या मणक्याचं काम हाती आलं होतं. मावशीनं ते चित्र उघडलं आणि तसंच मिटून टाकलं.

तिचं ताईकडे जाणं मात्र वाढलं. काही ना काही निमित्त काढून ती जाई, आणि चिंगीकडे नुसती बघत बसे.

"माऊ," एकदा चिंगी म्हणाली, "तू हल्ली मला चिंगी म्हणतच नाहीस."

"म्हणते की."

"नाही म्हणत. 'ए' म्हणतेस. 'अगं' म्हणतेस."



शाळा सुरू व्हायच्या आधी नवा फ्रॉक आला. ताई स्वयंपाकघरात होती. चिंगी कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या उंच आरशासमोर उभी राहिली, आणि मावशी मागून बटणं लावायला वाकली. एक एक बटण लावत वर आली आणि सहज आरशात पाहिलं.

आरशात तिची चिंगी होती. तीळ डाव्या कानाखाली. भांग जिथे पडायचा तिथेच पडलेला. मावशीचे डोळे भरून आले. तेवढ्यासाठी तरी आरसा बरा, असं तिला वाटलं.

मग फ्रॉक दिसला. अंगावर तो सरळ होता. तिच्या हाताखाली दोन्ही खांदे एका पातळीत होते.

आरशात तो एका बाजूला लोंबत होता. उजवा खांदा खाली. पूर्वीपेक्षाही खाली.

मावशीचा हात बटणावर तसाच राहिला.

"तिकडे नको ना बघूस, माऊ," चिंगी हळूच म्हणाली. "तू बघितलंस की ती रडायला लागते."

मावशीनं कपाटाचं दार लावलं. ती पलंगावर बसली. चिंगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली, सरळ, सोट्यासारखी.

"मी नीट वागेन," ती म्हणाली. "आईला नको सांगूस."

त्यानंतर न सांगता राहणं आता मावशीच्या आवाक्यात नव्हतं. एका दुपारी ती ताईकडे गेली. चिंगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. ताई आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. कपाटाचं दार सताड उघडं होतं आणि आरशाचं तोंड खोलीकडे होतं.

"ताई, मला तुला एक सांगायचंय. चिंगीबद्दल."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. मान वर न करता.

"काय माहीत आहे?"

"हॉस्पिटलात पहिल्यांदा अंग पुसलं तिचं, तेव्हाच कळलं. आई आहे मी."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? तीही 'आई' म्हणतच उठली होती. पाठ दुखते म्हणून रडत होती. तिला कुणी उचलायचं होतं मग?" ताईनं एक मोजा दुसऱ्यात सारला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक कुणाकडूनही होते."

इथेच गप्प बसता आलं असतं. ताईनं सुटायला दार उघडून दिलं होतं.

"चूक होती," मावशी म्हणाली. "पण मला ती आदल्या दिवशी कळली होती. तुम्ही कारखान्यात आला होतात तेव्हा."

ताईचे हात थांबले.

"तेव्हाच?"

"हो."

"फोन होता ना तुझ्यापाशी?"

"होता."

ताईनं घडी केलेला फ्रॉक पुन्हा उलगडला. पुन्हा घडी केली. बाहेर दोरीचा आवाज थांबला, आणि चिंगी धापा टाकत आत आली. घामानं लाल झालेली.

"आई, शंभराच्या पुढे गेले मी! एकदाही पाय अडकला नाही!"

"शाब्बास," ताई म्हणाली. तिला जवळ ओढून तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्या सरळ, तरतरीत खांद्यावरून ती आरशाकडे बघत राहिली. मावशीची नजर जमिनीवरून उठेना.

"ताई, बोल काहीतरी. शिव्या दे."

"एवढंच सांग," ताई म्हणाली, चिंगीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. "ही मी आपली मानली. तिथली मी तिथल्या पोरीला आपली मानत असेल ना गं?"

मावशीनं मान वर केली.

आरशात ती वाकलेली मुलगी पलंगाच्या टोकाला उभी होती. ताई तिच्या शेजारीच होती. पण आरशातल्या ताईनं दोन्ही हात पाठीमागे घेतले होते, आणि ती थोडी सरकून उभी होती.