दुसऱ्या अंगठीची जागा

हे घडलेलं आहे. दाराला कुलूप लावलं की परत फिरून ते ओढून बघणारा माणूस मी. माझ्या शब्दावर माझाच पटकन विश्वास बसत नाही. पण हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तेही भर दुपारी, जुन्या दागिन्यांच्या दुकानात, पंख्याखाली बसून.

भाचीला साखरपुड्यासाठी जुनी अंगठी हवी होती.

"नव्या सगळ्या एका छापाच्या," ती म्हणाली. "मामा, तू चल. तू मध्ये बोलत नाहीस."

तेवढीच माझी लायकी.

तिने निळ्या खड्याची अंगठी उचलली. सोनाराने डोळ्याला भिंग लावलं आणि अंगठी फिरवून पाहिली.

"ही एकटी नव्हती, ताई. ही कड बघा, घासून सपाट झालीय. हिला लागून लग्नाची अंगठी असणार. वर्षानुवर्षं."

"मग ती कुठे आहे?"

"ती आली नाही. ही एकटीच आली."

भाचीने अंगठी बोटात घातली. हात उजेडात धरला.

आणि...

किण्.

सोन्यावर सोनं आपटल्याचा आवाज. बारीक, पण स्पष्ट.

तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. ना बांगडी, ना घड्याळ.

सोनाराने ट्रे मागे ओढला. "दुसरी दाखवतो."

"हीच," भाची म्हणाली.

मी "अगं, पण..." एवढं म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

मग तो आवाज घरात येत राहिला. कप उचलला की किण्. कडी लावली की किण्. माझी बहीण काकुळतीला आली, "परत दे गं ती!" पोरगी हटून बसली.

"माझी अंगठी आहे. वाजू दे."

एका सकाळी तिने अंगठी काढून मला बोट दाखवलं. अंगठीचा वळ होता. तो असणारच.

पण त्याला लागून... दुसरा वळ होता. जास्त खोल.

लग्नाच्या दिवशी जावई तिच्या बोटात लग्नाची अंगठी सरकवू लागला. ती पेरावरून खाली आली आणि अडली. मापाची होती, तरी अडली.

"जात नाहीये," तो पुटपुटला. "इथे काहीतरी... आहे."

मला वाटलं, आता ही रडणार आणि लग्न इथेच थांबणार.

भाचीने बोटाकडे पाहिलं. मग बसमध्ये शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "सरका जरा, बाई. तुमचा संसार झाला. ही जागा आता माझी."

काहीच झालं नाही.

"सरका म्हटलं ना!"

किण्...

आणि अंगठी सर्रकन आत गेली.

त्या दिवसापासून तिचा हात वाजत नाही. वळही गेला. दोघांचं छान चाललंय.

मी लग्न केलं नाही. आयुष्यात बोटात अंगठी घातली नाही. मी आणि माझी पुस्तकं.

पण हल्ली डाव्या हाताने पान उलटलं की... किण्.

काल बोट खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

वळ आहे.

'सरका' म्हणायची हिंमत माझ्यात नाही. पण वाचणं मी सोडणार नाही. आवाज आला की म्हणतो, "बसायचं तर बसा. पान मीच उलटणार."

कधी कधी... माझा हात पोचायच्या आधीच पान उलटलेलं असतं.

मी ते परत मागे उलटतो. माझं अजून वाचून व्हायचं असतं.