एका बटणाचं गिऱ्हाईक

आधी बटण आत आलं, मग तो.

बटण उंबरठ्यावरून टुणकन उडालं, फरशीवरून घरंगळत माझ्या चपलेपाशी आलं आणि दोन गिरक्या घेऊन आडवं झालं. पाठोपाठ एक उंच माणूस, कोटाची दोन्ही टोकं पोटाशी धरून, दारात उभा. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या केसांवर थेंब होते, आणि चेहरा असा की बटण नव्हे, अब्रूच घरंगळत माझ्या दुकानात शिरली आहे.

"बटण..." तो म्हणाला.

"दुकान बटणांचंच आहे. पण लोक इथून बटण घेऊन जातात. आणून टाकणारे तुम्ही पहिलेच."

त्याला हसायलाही फुरसत नव्हती. समोरच्या इमारतीत कुणी मोठे साहेब त्याची वाट बघत होते, उशीर झाला होता, कोट काढायला वेळ नव्हता.

"मग काढू नका. नुसते हलू नका, म्हणजे झालं."

मी सुई ओवली. एखाद्या परक्या माणसाच्या इतक्या जवळ उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ. इस्त्रीच्या कापडाचा आणि पावसाचा मिळून एक वास येत होता. तो श्वास रोखून छताकडे बघत होता.

"श्वास घ्या हो. बटण लावतेय, इंजेक्शन देत नाहीये."

त्याने श्वास घेतला आणि माझी सुई थोडी खोल गेली. शेवटी धागा मी दातांनी तोडला. कात्री गल्ल्याशेजारीच होती, पण मला दिसली नाही. त्या दिवशी मला बरंच काही दिसलं नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

"लावणावळ घे गं, टाचणी!" मागून बाबा ओरडले. बाबांची नजर अधू झाली होती. मागच्या उंच स्टुलावर बसून ते बोटांनी चाचपत बटणं निवडायचे. कान मात्र शाबूत होते.

"टाचणी?" जाता जाता तो पहिल्यांदा हसला. नाणं ठेवलं आणि पावसात पळाला.

दुसऱ्या दिवशी आला तो गंभीर चेहरा करून.

"काल तुम्ही माझा कोट शिवलात."

"बटण लावलं."

"नाही. कोट शिवलात. आतल्या शर्टाला."

मी हातातली बरणी खाली ठेवली. बाबांच्या स्टुलाकडून एक आवाज आला. खोकला होता की काय होतं, देव जाणे.

"तिथं गेल्यावर सगळ्यांनी कोट काढले," तो सांगू लागला. "बाह्या दुमडल्या. मीही काढायला गेलो, तर शर्ट बरोबर येतोय! मग बसलो तसाच, घामाघूम. शेवटी मोठे साहेब म्हणाले, हा माणूस शिस्तीचा दिसतो. काम यालाच द्या."

"कसलं काम?"

"शर्टांचं. माझा शर्टांचा कारखाना आहे. त्यांच्या सगळ्या कामगारांचे शर्ट आता मी शिवणार."

"शर्टवाले आहात आणि स्वतःचं बटण लावता येत नाही?"

"आमच्याकडे बटणं मशीन लावतं. ते घाईत असलेल्या माणसाला लावत नाही."

"मग... घरी गेल्यावर?"

"दोन्ही मिळून डोक्यावरून काढले. आईनं विचारलं, हे कुणी शिवलंय? म्हटलं, टोचलं एका टाचणीनं."

मी कोटासाठी हात पुढे केला. माझे कान तापले होते. त्याला दिसू नये म्हणून मी दोरा शोधायच्या निमित्ताने गल्ल्याखाली वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

त्यानंतर त्याची बटणं तुटायला लागली. मनगटाचं तुटलं, कॉलरचं तुटलं, एकदा तर उशीच्या अभ्र्याचं घेऊन आला. आमच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत छोटे छोटे खण होते, आणि प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा एक नमुना दोऱ्याने बांधलेला. शिंपल्याची, लाकडाची, काचेची, मागे कडी असलेली, लहान मुलांच्या स्वेटरवरची बदकांची. दुपारी दारातून ऊन आलं की काचेची बटणं भिंतभर लुकलुकायची. तो बटण जुळवायच्या मिषाने शिडीवर चढून एकेक खण उघडायचा, आणि जुळणारा खण नेमका शेवटी सापडायचा.

मी हिशेबी बाई. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा का येतं, हे मी बघतेच. धागा झिजून तुटला की त्याची टोकं पिंजारतात. कापला, की टोक सरळ राहतं, नुकत्याच कातरलेल्या मिशीसारखं.

"तुमच्या घरी उंदीर फार झालेत वाटतं," एके दिवशी मी म्हणाले.

"हो ना... फार."

"आणि हल्ली कात्री वापरतात?"

तो कानांपर्यंत लाल झाला. शर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग शिडीकडे, जणू वर चढून तिथेच राहायचा विचार होता.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, "दातांनी तोडून आणतो."

आज इतक्या वर्षांनी ते दिवस आठवले की वाटतं, काय सुरेख रिकामटेकडेपणा होता तो! पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. खरं सांगायचं, तर तेव्हा मला दुकानाचा कंटाळा आला होता. एकेक बटणासाठी लोक अर्धी दुपार खायचे, चार खण उपसायला लावायचे आणि वर "महाग आहे हो" म्हणायचे. आत्या दर भेटीत ऐकवायची, "एवढी शिकलीस आणि बटणं विकतेस!" मला काहीतरी मोठं करायचं होतं. मोठं म्हणजे काय, ते मात्र विचारू नका; मलाही माहीत नव्हतं. मोठं म्हणजे मोठं.

हे मी त्याच्यापाशी बोलले, आणि तो दुसऱ्याच दिवशी, हातात काहीही तुटलेलं न घेता आला.

"कामगारांच्या शर्टांची सगळी बटणं तुमच्याकडून घेतो. पांढरी, चार छिद्रांची. घाऊक."

मी मनात गुणाकार केला. पुन्हा केला. दोन्ही वेळा आकडा तोच आला, आणि तो आमच्या दुकानाने कधी पाहिला नव्हता.

बाबांना विचारलं, तर म्हणाले, "दुकान आता तुझं आहे. तू म्हणशील तसं." आणि पुन्हा बोटांनी बटणं चाचपायला लागले.

मग खोकी आली. दुकानात माणूस शिरायला वाट उरली नाही. खोक्यांमागे खण गेले, शिडी गेली, दुपारचं ऊनही गेलं. दारावर मी पाटी लावली – किरकोळ विक्री बंद. आत्या खूश झाली. मीही खूश होते; निदान रोज संध्याकाळी स्वतःला तसं सांगत होते.

तो मात्र यायचा बंद झाला. त्याचा टेंपो यायचा. आमचं बोलणं आता फोनवर.

"माल निघाला?"

"निघाला."

"पोचला?"

"पोचला."

मग तो म्हणायचा, "...बरं मग." आणि मी म्हणायची, "बरं." एवढी उलाढाल, आणि नफ्यात काय, तर एक 'बरं'!

हंगाम संपत आला, तेव्हा तो स्वतः आला. वर्षाचा करार घेऊन. बाजूचा गाळाही भाड्याने घेऊ म्हणत होता. आम्ही दोघं खोक्यांमध्ये अवघडून उभे होतो. तेवढ्यात पाटी न वाचता एक आजोबा आत आले. शर्टाला बटणांच्या जागी पिना. एक उघडी, छातीवर ओरखडा.

"मोठं बटण दे गं मुली. जरा जाड. बोटांत येईल असं."

"आजोबा, किरकोळ बंद आहे आता."

"असं होय." त्यांनी मान हलवली. हात थरथरत होते, ते खिशात लपवत म्हणाले, "काही नाही, सूनबाई लावून देते रोज. पण तिलाही सकाळची घाई असते... आणि एवढ्या म्हाताऱ्याने शर्टासाठी हाक मारायची म्हणजे..."

ते वळले. बाबा मागून काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"थांबा!" मी म्हणाले.

खोकी ओढायला लागले. वरचं खोकं कोसळलं, पांढरी बटणं फरशीभर सांडली. कराराचे कागद हातात धरून तो बघत राहिला. मग कागद गल्ल्यावर ठेवून तोही खोकी ओढायला लागला. खण सापडला. जाड, काठाला खाचा असलेली लाकडी बटणं. मी आजोबांना एका खोक्यावर बसवलं, बटणं लावली, काजं जरा मोठी केली. या वेळी शर्टाच्या आतून हात घालून बघितलं, माणूस सुटा आहे ना ते.

"आता तुम्ही लावा."

त्यांनी खालून सुरुवात केली. बटण निसटलं. पुन्हा धरलं. निसटलं. बाबांनी चाचपणं थांबवलं होतं. मग एक बटण काजातून बाहेर आलं, मग दुसरं... गळ्याजवळचं लागलं, तेव्हा आजोबा शाळेतल्या पोरासारखे हसले.

"उद्या सूनबाई हाकेची वाट बघत बसेल!" म्हणाले, आणि छाती काढून गेले.

मी फरशीवरच्या बटणांमध्ये उभी होते. मोठं म्हणजे काय, ते आत्ताच माझ्यासमोरून चालत गेलं होतं. नफा विचाराल तर बोटांच्या चिमटीत मावेल एवढा.

"या हंगामाची ऑर्डर पुरी करून देईन," मी म्हणाले. "शेवटच्या नगापर्यंत. पण करार नको."

त्याने कागदांची घडी घातली. आवाज न चढवता म्हणाला, "मी ऑर्डर तुम्हालाच का दिली, माहीत आहे?"

"फायद्याची असेल."

"तुमच्यापेक्षा स्वस्त बटण मला थेट कारखान्यातून मिळत होतं." दारात थांबला. "हिशेबात एवढ्या पक्क्या तुम्ही... हा आकडा कसा नाही दिसला?"

आणि गेला. दारात ऊन पडलं होतं, आणि मी पहिल्यांदाच माल, खर्च, नफा सोडून दुसरं काहीतरी मोजत बसले.

ऑर्डर पुरी झाली. खोकी गेली. पाटी मी चुलीत घालणार होते, पण फळी चांगली होती. उलटी करून शिडीच्या तुटलेल्या पायरीच्या जागी ठोकली. गिऱ्हाइकं परतली. पुन्हा अर्धी दुपार, पुन्हा "महाग आहे हो". आता मला तो वेळ खुपेना. कुणाचं काय अडलंय, हे विचारायला मजा यायला लागली. आत्याला म्हटलं, "हो, बटणंच विकते." आत्याने कपाळाला हात लावला आणि जाताना ब्लाउजची हुकं फुकट नेली.

फक्त तो आला नाही. फोनही नाही. 'बरं' म्हणायलासुद्धा नाही. दारात कुणाची सावली पडली की मी मान वर करायची, आणि बाबा स्टुलावरून म्हणायचे, "तो नाही. हा लंगडत चालतो." आंधळ्यापुढे लपवायची सोय नसते.

एका सकाळी दुकान गच्च भरलं होतं. पोरांच्या गणवेशांची घाई. मान वर केली, तर रांगेत, शेवटी, तो. हातात काही नाही. हात कुठे ठेवावेत हे न कळल्यामुळे एकदा पाठीमागे, एकदा खिशात.

त्याचा नंबर येईपर्यंत त्याच्यामागे आणखी रांग लागली होती.

"काय हवंय?" मी विचारलं. आवाज दुकानदाराचा ठेवला. कसा ठेवला, माझं मला माहीत.

"यांना आधी द्या," त्याने मागच्या बाईंना पुढे केलं. "माझं काम मोठं आहे."

बाईंचं झालं. त्यांच्यामागे एक शिंपी होता. "यांना द्या." मग एक आई, कडेवर मूल. "यांचं आधी." असं करत करत सगळं दुकान त्याच्या पुढून गेलं. प्रत्येकाचं बटण होईपर्यंत तो बघत होता. घाई नाही, घड्याळाकडे नजर नाही. मी मात्र एकाच गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा मोजले.

शेवटी दुकानात आम्हीच उरलो. बाबा एकाएकी उठले, "मला आत काम आहे," म्हणाले, आणि चाचपत पडद्यामागे गेले. आत त्यांचं कसलंही काम नव्हतं.

"बोला."

"बटण नकोय. विचारायचं होतं... काज केवढं ठेवू?"

"कशाचं?"

"थरथरत्या हातांसाठी शर्ट करतोय. इतके दिवस तेच. तीनदा केले, तीनदा उसवले. मशीनवर हजारांनी शर्ट निघतात माझ्याकडे. पण ते कोण घालतं, मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं." तो थांबला. "कारखान्यात सगळे विचारतात, यात नफा काय सुटेल? मला सांगता येत नाही. तुम्हाला येईल."

मी गल्ल्यावरचा दोरा उगाच गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "बटणापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढं जास्त ठेवा. आणि आडवं पाडू नका, तिरकं पाडा. ...झालं काम?"

"एक राहिलंय."

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत असलं तरी गिऱ्हाइकाने तोंडाने सांगायचं असतं. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

तो हसला. मग हसणं विरलं, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढे खण भिंतीवर, पण नजर टाकायला एक जागा सापडेना मला.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "रोज. काही तुटलेलं नसतानाही."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला उत्तर येत होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण इतक्या दिवसांनी मिळालेली ती घटका मला अशी चटकन संपवायची नव्हती...

पडदा हलला.

"अगं ए टाचणी," बाबा आतून म्हणाले, "हो म्हणून टाक लवकर. इथं बसायला स्टूल नाहीये!"