सिमेंटखालचं धाकटं भावंड

गस्तीच्या चौकीत त्या रात्री चौघेच होते. गुरुवार मावळून शुक्रवार क्लिवनची रात्र लागली होती, जावाच्या पंचांगातली भुताखेतांची रात्र, म्हणजे घरोघर उंबऱ्यावर फुलं ठेवून झाली होती आणि कारांगवुनी गावात कुणी उगाच बाहेर फिरत नव्हतं. पत्ते बाजूला पडले होते. बोलणं चौघांतल्या आंग्गितच्या घरावर आलं होतं. दुपारी जाकार्ताहून एक जोडपं ते घर पाहून गेलं होतं. भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मागचा ओढा, समोरचा डोंगर, सगळ्याचे फोटो काढून झाले होते. बाईंना पडवी फार आवडली म्हणे.

सार्कोनो आजोबांनी लवंगेची सिगारेट विझवली.

"विक बाबा, घर तुझं आहे. फक्त त्याआधी पडवीखाली कोण कोण आहे ते आईला विचारून घे. आमच्या शेजारच्या तुगिमानने विचारलं नव्हतं."

पोरं हसली. आंग्गित म्हणाला, आजोबा आता भूत काढणार.

"मी कशाला काढू? तुम्ही मला धड कॉफीसुद्धा पाजत नाही, तुमच्यासाठी खोटं बोलायचे कष्ट कोण घेईल?" असं म्हणून आजोबांनी सुरुवात केली.

तुगिमान पाहुण्यांना गाव दाखवायचा. माणूस गोड बोलायचा, कामाला वाघ होता, पण घाईचा. राहायचा बायकोच्या माहेरच्या घरात. बायको वागिरा त्याच घरात जन्मली, तिथेच वाढली, आणि तिचं पहिलं मूलही तिथेच झालं. मुलगा. नाव दामार. तेव्हा तुगिमान बोर्निओत तेलताडाच्या मळ्यावर होता. बाळाची वार पुरायचं काम बापाचं, पण बाप नव्हता म्हणून ते सासऱ्याने केलं. बाळामागून पडते ती, म्हणून वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंड. नव्या मडक्यात मीठ-फुलं घालून ती दाराशी पुरायची, वर पस्तीस दिवस दिवा लावायचा आणि बाळाइतकंच तिलाही जपायचं. दिवा चालू असतानाच दामार तापाने गेला. तुगिमान घरी पोचला तेव्हा त्याला फक्त कबर दाखवली. त्याने पोराचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

वागिरा पुढे रोज ती जागा झाडायची. तिला दुसरं मूल झालं नाही. थोरला गेला, धाकटा आहे, एवढ्यावर ती जगत होती. आणि एके वर्षी ती चार दिवस बहिणीकडे गेलेली असताना तुगिमानने पाहुण्यांना चिखल लागू नये म्हणून दारापुढे सिमेंट घातलं. घाईचा माणूस. बायको परत आली, पडवीकडे पाहिलं आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

घर विकायचं त्याने याचसाठी ठरवलं. पैशाचा लोभ नव्हता. या दारातून तिला बाहेर काढलं तर माझी बायको मला परत मिळेल, असं तो मला म्हणाला होता. ओढ्यापलीकडे त्याने नवं घर बांधलं. गिऱ्हाईकही मिळालं, सकाळी ते किल्ली घ्यायला येणार होते. वागिरा निमूट नव्या घरी गेली, पण दाराबाहेरच बसून राहिली.

"धाकट्याला आणा," ती म्हणाली. "त्याला तिथं ठेवून मी या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही."

तर अशीच रात्र होती. शुक्रवार क्लिवनची. तुगिमान पहार आणि पांढरं फडकं घेऊन एकटाच जुन्या घरी गेला. मुलाची वार उजवीकडे, मुलीची डावीकडे, हे त्याला ठाऊक होतं. अंगणात उभा राहिला, घराकडे तोंड केलं आणि उजव्या हाताचं सिमेंट फोडलं. खाली मडक्याच्या खापऱ्या लागल्या. मातीसकट फडक्यात बांधल्या, छातीशी धरल्या आणि निघाला. वाटेत त्याला रडू येत होतं. सहा वर्षांत पोराचं काहीतरी पहिल्यांदा हाती आलं होतं.

वागिराने कंदिलाखाली फडकं सोडलं. खापऱ्यांत एक गंजलेली सुई निघाली. मुलीच्या मडक्यात सुई घालतात, मुलाच्या मडक्यात पेन्सिल.

"हे माझं आहे," वागिरा म्हणाली. "माझ्या बापाने पुरलेलं. उजवं-डावं घरातून बाहेर पडताना बघायचं, हो. पोराला सोडून तुम्ही मलाच उचलून आणलंत."

तिने आवाज चढवला नाही. तुगिमान मला म्हणाला, त्यापेक्षा तिने मला मारायला हवं होतं.

पहार आणि दुसरं फडकं घेऊन तो तसाच मागे फिरला. ओढा ओलांडला. गावात दिवा नव्हता. कुत्रंही भुंकलं नाही. अंगणाशी आला आणि थांबला.

पायरीवर कुणीतरी बसलं होतं.

लहान. सहा-एक वर्षांचं. पाठ याच्याकडे. फोडलेल्या खड्ड्यात हात घालून चाचपत होतं. एकदा… पुन्हा एकदा… वस्तू हरवल्यावर चाचपतात तसं.

तुगिमानला पुढे जाववेना. मागेही जाववेना.

हात थांबले.

"आईला नेलंत?"

पोराने खड्ड्यातून हात काढले.

"इतके दिवस आम्ही दोघं होतो इथं. माझा दिवा विझला तेव्हा ती होती." मान वळली नाही. "आता मी कुणापाशी झोपू?"

तुगिमानच्या तोंडून शब्द फुटला तेव्हा पायरी रिकामी होती.

मग त्याने दुसरी बाजू फोडली. वेड्यासारखी फोडली. पहार टाकून नखांनी उकरली. माती… माती… नुसती माती. खापरी नाही. पेन्सिल नाही. कोरडी, थंड माती.

तो बराच वेळ तिथे बसला. मग रिकामं फडकं त्याने तसंच झोळीसारखं हातावर घेतलं आणि उठला.

"चल दामार," तो म्हणाला. "घरी जाऊ. मी तुझा बाप. मला तू ओळखत नाहीस, ते माझंच चुकलं. पण चल."

रस्ताभर तो बोलत राहिला. इथे वळायचंय. इथे दगड आहे. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. बांबूच्या पुलावर तो म्हणाला, जपून, ओलं आहे. पलीकडे पोचला. जमिनीवर दोन्ही पाय टेकले…

आणि मागे पूल करकरला. हलकेच. पुन्हा… पुन्हा…

पुढे तो बोलला नाही.

नव्या घराशी वागिरा बसल्या जागीच भिंतीला टेकून झोपली होती. सुईचं फडकं तिच्या मांडीवर तसंच होतं, हात स्वच्छ होते. आणि दाराच्या उजव्या अंगाला, घरातून बाहेर पडताना जे उजवं येतं त्या अंगाला, माती उकरून पुन्हा थापलेली होती. तुगिमानने बायकोला उठवलं नाही. शेजारी बसला आणि उजाडेपर्यंत रडला. सकाळी तिने ती माती पाहिली आणि उठून उंबऱ्याच्या आत गेली.

सार्कोनो आजोबा थांबले.

"बोलायला लागली का ती?" शेवटी आंग्गितने विचारलं.

"त्याच्याशी? बोलते की. पण हसत नाही. दोघं संध्याकाळी त्या दाराशी बसतात."

"आणि ती माती?"

"आहे तशीच. तिच्यावर एक पंजा उमटलेला होता. मी सकाळीच गेलो होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. एवढासा, लहान पोराचा. दर पावसाळ्यात तो पुसला जातो… आणि पाऊस उघडला की पुन्हा उमटतो."

आजोबांनी कंदील जवळ ओढला.

"आंग्गित, तू आणि दामार एकाच वर्षी, एकाच महिन्यात जन्मलेले. हात दे इकडे."

आंग्गितने हात पुढे केला. आजोबांनी तो कंदिलाखाली उताणा केला, आपलं बोट मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत फिरवलं आणि हात तसाच धरून ठेवला.

"तो पंजा परवाच पाहून आलोय," ते म्हणाले. "एवढा झालाय आता."